ऊट आयता?

चामराजपुरमच्या घरात पाय टाकून मला तीन तासही झाले नव्हते. सामान उतरून झालं होतं, मुलगा आणि सून कामावर गेले होते, बायको स्वयंपाकघरात डबे लावत होती आणि मी, घरातला सर्वांत बिनकामाचा माणूस या नात्यानं, फाटकाला रेलून उभा होतो. समोरून एक वयस्कर गृहस्थ आले. पांढरा पंचा, पांढरा शर्ट, कानटोपी, हातात कापडी पिशवी. माझ्यापाशी थांबले, तोंडभर हसले आणि म्हणाले,

"ऊट आयता?"

मी सातारचा. नोकरीतून निवृत्त होऊन चौथा महिना चालू होता. पोराच्या घरी राहायला आलो होतो, पोराच्या पैशानं आलेल्या ट्रकमधून, पोरानं भाड्यानं घेतलेल्या घरात. आणि गावातला पहिला माणूस हसत हसत मला 'आयता' म्हणत होता. 'ऊट' म्हणजे काय ते कळलं नाही, पण बहुधा उठ म्हणत असावा. ऊठ, आयत्या! मी मान खाली घालून घरात आलो.

अर्ध्या तासानं पेपरवाला आला. "ऊट आयता?" नंतर वरच्या मजल्यावरून घरमालकीण अज्जींनी वाकून विचारलं, "ऊट आयता?" दुधवाल्यालाही माझी सगळी माहिती होती. चार वाजेपर्यंत मी आमच्या तमाम भाऊबंदांपैकी कुणी इथं पत्र धाडलं असेल त्याचा शोध घेत होतो.

संध्याकाळी मुलगा आला, तो पोट धरून हसला. ऊट म्हणजे जेवण आणि आयता म्हणजे झालं का. एवढंच. सकाळी तिंडी आयता, म्हणजे नाश्ता झाला का. मग काफी आयता. मग पुन्हा ऊट. यावर उत्तर द्यायचं, "आयतु, निम्मदु?" म्हणजे झालं, तुमचं? मुलगा म्हणाला, "बाबा, इथं 'कसे आहात' विचारत नाहीत, हे विचारतात." अर्थ कळला, पण कानाचं काय करायचं? सहा दशकं 'आयत्या बिळावर नागोबा' ऐकलेल्या कानाला कानडी क्रियापद शिकवणं सोपं नसतं. अजूनही ताटावर बसलो की खिडकीतून कुणीतरी विचारतं आणि माझा घास क्षणभर थबकतो.

बायकोचा मात्र रुबाब होता. तिचं माहेर बेळगाव. "मला येतं की कानडी," असं ती सातारहून निघाल्यापासून दर पन्नास किलोमीटरला म्हणत होती. पहिल्याच दिवशी अज्जी खाली आल्या तेव्हा तिनं ठसक्यात खुर्ची पुढं केली, "बर्री, कुंदर्री!" अज्जी बसल्या खऱ्या, पण चेहऱ्यावर असं हसू, की जणू पुण्यातल्या कार्यक्रमात कुणीतरी अस्सल माणदेशीत आभार मानले. इथली कानडी मऊ, लोण्यातून सुरी फिरावी तशी. आमच्या घरातली कानडी ज्वारीच्या भाकरीची. अज्जींनी प्रेमानं विचारलं, "हुब्बळ्ळीना?" बायकोनं त्या दिवशी रात्रीचं जेवण केलं नाही. बेळगावच्या मराठी बाईला तुम्ही काय वाटेल ते म्हणा, पण हुबळीची म्हणू नका. सीमाप्रश्न इतक्या वर्षांत सुटला नाही तो का, ते मला त्या रात्री समजलं.

आता हा भाग कसा आहे ते सांगतो. म्हैसूरच्या राजवाड्यापासून पश्चिमेला निघालात की थोड्याच वेळात आवाज एकदम कमी होतो. ते चामराजपुरम. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, कौलारू जुनी घरं आणि त्यांच्या मधेमधे जुनी घरं पाडून उभ्या राहिलेल्या तीनमजली नव्या इमारती. प्लेगनंतर शहराला मोकळा श्वास मिळावा म्हणून म्हैसूरनं १९०३ सालीच नगरसुधारणेचं मंडळ काढलं. मुंबईचं १८९८ चं, म्हणजे फक्त पाच वर्षं आधीचं. मुंबईनं त्या पाच वर्षांचं पुढं काय केलं ते आपण बघतोच.

इथल्या नावांचं एक तंत्र आहे. वाडियार घराण्यात शेवटची दीडशे वर्षं कृष्णराज, चामराज, कृष्णराज, जयचामराज असा क्रम चालला. त्यामुळं गावात जे काही आहे ते एकतर कृष्णराज आहे नाहीतर चामराज. के. आर. सर्कल, के. आर. हॉस्पिटल, के. आर. मोहल्ला, धरण कृष्णराजसागर. दुसरीकडं चामराज मोहल्ला, चामराज डबल रोड, चामराजेंद्र प्राणिसंग्रहालय, आमचं चामराजपुरम आणि साठेक किलोमीटरवर चामराजनगर.

या शेवटच्या दोन नावांनी आमच्या साडूंचा घात केला. साडू डोंबिवलीचे, रेल्वेचा आयुष्यभराचा अनुभव. दादरहून शरावती एक्स्प्रेसनं म्हैसूरला उतरले. मी फोनवर सांगितलं होतं, रिक्षा करू नका, तिथूनच चामराजनगरची पॅसेंजर पकडा, पुढचंच स्टेशन आमचं. साडूंच्या लक्षात यातलं 'चामराजनगर' राहिलं. त्यांनी त्याचंच तिकीट काढलं. पाच मिनिटांत गाडी थांबली, पाटीवर 'चामराजपुरम'. साडूंनी विचार केला, दिलेल्या पैशाच्या मानानं हे फारच जवळ आलं. इतक्यात उतरणं म्हणजे रेल्वेला फुकट सोडणं. डोंबिवलीचा माणूस बसायला मिळालेली जागा पाच मिनिटांत सोडत नाही. ते अशोकपुरमला उतरले नाहीत, नंजनगुडला उतरले नाहीत, थेट शेवटच्या स्टेशनात उतरून त्यांनी मला फोन केला, "तुमचं उपनगर जरा लांबच आहे हो."

कर्नाटकात वर्षानुवर्षं समजूत आहे, की जो मुख्यमंत्री चामराजनगरला जातो त्याची खुर्ची जाते. भलेभले मुख्यमंत्री त्या गावाच्या वाटेला गेले नाहीत. सिद्धरामय्या मात्र न डरता जाऊन आले, एकदा नव्हे, बऱ्याचदा. आमच्या साडूंना जायला कुठली खुर्ची नव्हती. त्यांची छत्री गेली.

नावांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर जेएलबी रोड आहे. महिनाभर मी त्यावरून फिरलो. जेएलबी म्हणजे कुणी इंग्रज साहेब असणार, जे. एल. ब्राउन वगैरे, अशी माझी खात्री. एक दिवस कुठल्याशा दुकानाच्या पाटीवर पूर्ण पत्ता वाचला आणि चप्पल जागेवर थांबली. झाशी लक्ष्मीबाई रोड! आपली मनू, मोरोपंत तांब्यांची लेक, नेवाळकरांची सून. जी इंग्रजांना सापडली नाही, ती इथं तीन इंग्रजी अक्षरांत सापडली. माझा मराठी बाणा जागा झाला. रिक्षावाल्याला खणखणीत सांगितलं, "झाशी राणी लक्ष्मीबाई रोड!" तो विचारात पडला. शेजारच्या रिक्षावाल्याला विचारलं. दोघांनी मिळून मला विचारलं, "हॉस्पिटलचं नाव आहे का?" शेवटी मी पडलेल्या आवाजात "जेएलबी" म्हणालो आणि तो म्हणाला, "हां, असं सांगा ना!"

आणि हे एकच नाही. म्हैसूरचा मुख्य बाजाराचा रस्ता, दसऱ्याला अंबारीचा हत्ती जातो तो, सय्याजी राव रोड. आपल्या बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. एक जास्तीचा 'य' लागला, तो प्रवासात लागला असेल. इतकंच कशाला, १९०६ ते १९०९ या संस्थानचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर १९१२ पर्यंत टी. आनंदराव, दोघेही तंजावरकडच्या मराठी घरातले. हे मी मेष्ट्रूंना, म्हणजे आमच्या घरमालकांना, छाती काढून सांगितलं. ते निवृत्त शाळामास्तर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "१९१२ नंतर कोण आलं?" मी म्हणालो, विश्वेश्वरय्या. ते म्हणाले, "हां." त्या 'हां'नंतर मी दिवाणांचा विषय काढलेला नाही.

मेष्ट्रूंशी वाद घालणं अवघड, कारण ते वाद घालतच नाहीत. आमच्याकडं बोलायचं म्हटलं की सुरुवात "काय राव, असं असतंय का" इथून होते. इथं माणूस इतक्या हळू आवाजात बोलतो, की आपण ओरडतोय हे आपल्यालाच ऐकू यायला लागतं. इथल्याच महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरी खासगी रेडिओ केंद्र चालू केलं आणि त्याला नाव पडलं आकाशवाणी. पुढं सगळ्या देशानं ते नाव घेतलं. माझं मत असं, की यात विज्ञानाची हौस दुय्यम. शेजारच्या माणसाला ऐकू जावं म्हणून दुसरा इलाजच नव्हता.

एकदा मात्र मेष्ट्रूंनीही मला टोला दिला. मी पुण्याच्या योगवर्गांची थोरवी सांगत होतो. ते म्हणाले, "बी. के. एस. अय्यंगार इथूनच गेले ना." खरंच की. अय्यंगारांचे गुरू कृष्णमाचार्य जगनमोहन पॅलेसमध्ये योगशाळा चालवत. नात्यानं ते त्यांच्या बहिणीचे यजमान. आमच्या भाषेत दाजी. दाजींनी १९३७ साली या पोराला पुण्याला पाठवलं. मेव्हण्याला लांब पाठवून द्यायची युक्ती आमच्याकडं अनेक दाजींना सुचते, पण त्यातून पुण्याचा एवढा फायदा झाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

हवा हा इथला अभिमानाचा विषय. डिसेंबरात पहाटे पारा सोळा-अठरावर आला, की चामराजपुरम थंडीनं गारठतं. कानटोप्या, मफलर, लोकरीचे हातमोजे. दूधवाला एव्हरेस्टवरून उतरल्यासारखा दिसतो. मला या गोष्टीचं विशेष हसू येण्याचं कारण आमची मुलगी. ती ओस्लोत राहते, लाम्बेर्टसेटर नावाच्या उपनगरात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली तेव्हा ओस्लोनं शहराबाहेर जी नवी वसाहत पहिल्यांदा आखली, १९५१ पासून, ती ही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथं दोन महिने होतो. तिथं पारा अठरावर गेला, की लोक अंगातले कपडे काढून गवतावर पालथे पडतात. त्याच अठरा अंशांना! मी मेष्ट्रूंना फोटो दाखवला. त्यांनी कानटोपी आणखी खाली ओढली.

पण खरं सांगू? ती दोन उपनगरं मला सख्ख्या बहिणींसारखी वाटली. तिथं रविवारी दुकानं बंद, इथं दुपारी शटर अर्धं खाली. तिथं कचऱ्याचे वेगवेगळे डबे, इथं ओला-सुका वेगळा केला नाही तर अज्जी वरून बघतात, नुसत्या बघतात, पुरे होतं. तिथं वसंतात एक दिवस 'दुग्नाद' असतो. आख्खी सोसायटी दाताळी-झाडू घेऊन खाली उतरते, पानं गोळा करते आणि शेवटी सॉसेज खाते. आपली गावाकडची इर्जिकच, फक्त जावईबापूंनी त्यात गाणं म्हटलं तेव्हा कुणी साथ दिली नाही. इथं तो दुग्नाद रोज सकाळी होतो आणि प्रत्येक बाई तो एकटीच्या जिवावर करते: फाटकासमोर सडा, रांगोळी, आणि शेजारणीची हद्द जिथं सुरू होते तिथं झाडू अचूक थांबतो. २०१५ ला देशातल्या ४७६ शहरांच्या स्वच्छतेच्या यादीत म्हैसूर पहिलं आलं, २०१६ ला पुन्हा पहिलं. श्रेय कुणी घ्यायचं ते घेऊ दे. मी तो झाडू थांबताना पाहिलाय.

चाणक्यालाही हे आवडलं असतं. अर्थशास्त्रात रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला एका पणाचा, म्हणजे त्या काळच्या नाण्याचा, आठवा भाग दंड सांगितलाय. आणि ते हरवलेलं अर्थशास्त्र सापडलं कुठं? इथंच. १९०५ साली ओरिएंटल लायब्ररीत आर. शामशास्त्री यांच्या हाती ती ताडपत्रांची पोथी आली, १९०९ ला त्यांनी ती छापली. ती दगडी इमारत आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. येताना रस्त्यात शेंगदाण्याची पुडी संपली, कागद हातात राहिला. सातारला असतो तर... असो. तो कागद मी घरापर्यंत आणला.

चालण्याचं सांगायचं राहिलं. लाम्बेर्टसेटरजवळ ओस्टेन्शो म्हणून पक्ष्यांचं एक तळं आहे, इथं कुक्करहळ्ळी. दोन्हीकडं पेन्शनर लोक पहाटे गोल फिरतात. नॉर्वेजियन माणूस रस्त्यावर नमस्कार करत नाही. लिफ्टमध्ये तर तो भिंतीकडं बघतो. पण तोच माणूस जंगलाच्या वाटेवर भेटला की "हाय" म्हणतो! मी आठ दिवस अभ्यास केला, की हा नमस्कार नेमका कुठल्या झाडापासून चालू होतो. इथं उलटं. दिवसभर ज्यानं त्यानं माझ्या जेवणाची चौकशी करायची, पण कुक्करहळ्ळीच्या बांधावर हेच लोक मला ओळखत नाहीत. फेरी साडेचार-पाच किलोमीटरची, मेष्ट्रूंचा चेहरा परीक्षेच्या हॉलमधला. पाण्यावर पेलिकन बसलेले, चोचीखाली पिशवी लोंबणारे, बाजाराला निघालेल्या माणसासारखे. ते मात्र कधीकधी मान वळवून बघतात.

खाण्याबद्दल एकच सांगतो, नाहीतर लेख तिथंच संपायचा. नाक्यावरच्या हॉटेलात गेलो आणि ऐटीत "म्हैसूर मसाला डोसा" मागितला. मुंबईच्या गाडीवर मिळतो तो: लाल चटणी, लोण्याचा गोळा, वर पावभाजीसारखं सगळं उलथन्यानं ठेचलेलं. वेटर म्हणाला, "इल्ली एल्ला मैसूरे, सार." इथलं सगळंच म्हैसूरचं. तेही खरं. आला तो मऊसूत, आतून लाल चटणी लावलेला, ठेचाठेची नाही. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे एक कॉफी 'बाय टू' करून पीत होते. एक कप, दोन पेले, दीड तास. गावाचं नाव २०१४ पासून सरकारी कागदावर मैसूरु झालं. पण मूळ तो महिष, आणि नावातली म्हैस जपली ती फक्त आपण मराठी लोकांनीच. हेही मी मेष्ट्रूंना सांगितलं. "हां," म्हणाले.

जानेवारीत अज्जींनी एक काम मला लावलं. या दिवसांत इथं अवरेकाळूचा हंगाम असतो, आपल्या पावट्याचा भाऊ. बाजारभर शेंगांचे ढीग, आणि त्या शेंगांना एक तेलकट उग्र वास, हाताला लागला की दोन दिवस जात नाही. जितका वास जास्त तितकी शेंग चांगली म्हणतात. दाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी एकेक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायचा. साल बोटात राहतं आणि आतली हिरवी डाळ सुळकन बाहेर उडते. आपण वालाच्या डाळिंब्या सोलतो तसंच. अज्जींनी परातभर दाणे माझ्यासमोर ठेवले आणि समोर बसल्या. त्यांची डाळ टपटप भांड्यात. माझा पहिला दाणा तुळशीत, दुसरा अज्जींच्या चष्म्यावर, तिसरा फाटकाबाहेर. नेमके तेव्हा तेच पहिल्या दिवसाचे कानटोपीवाले गृहस्थ चालले होते. दाणा त्यांच्या पिशवीत पडला. त्यांनी थांबून पिशवीत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होतो, की आता विचारा ना! हातातली साल दाखवून सांगणार होतो, की बघा, आयतं नाही खात. त्यांनी विचारलं नाही. "अवरेकाळू!" म्हणून खूश होऊन ते निघून गेले.

दोन तासांत माझी वाटीभर झाली. अज्जींनी त्या डाळीची उसळ केली आणि डबा भरून खाली धाडला. बायको म्हणाली, "वाटीभर सोललंत आणि डबाभर आलं. याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

मागच्या रविवारी सकाळी चामराजपुरम स्टेशनवर गेलो होतो. हल्ली जातो, बाकावर बसायचं, गाडी येते-जाते बघायची. पॅसेंजर थांबली आणि एक जोडपं उतरलं. माझ्याच वयाचे गृहस्थ, दोन्ही हातांत बॅगा, खांद्याला पिशवी. मागून बाई, "अहो, त्या पिशवीत लोणच्याची बरणी आहे, उभी धरा!" मराठी! महिनोन्‌महिन्यांत परक्या तोंडून पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला, की उठून लगबगीनं पुढं गेलो, काय बोलू नि काय नको असं झालं, आणि तोंडातून निघालं,

"ऊट आयता?"

गृहस्थांचा चेहरा पडला. बॅगा खाली ठेवून ते बायकोकडं वळले.

"बघितलंस? पोराकडं राहायला आलोय हे यांना कुणी सांगितलं?"